वायरलेसवरचा शेर

वायर ही माणसाची गुलामी आहे, असं मी अब्बांना स्पष्टच सांगितलं.

"जग कुठं गेलं अब्बा! आन् आपण अजून दाव्याला बांधल्यासारखे टेबलाला बांधलेले."

अब्बा त्या वेळी एसटीच्या सीटला रेक्झिन ठोकत होते. तोंडात बारीक खिळ्यांसारख्या चुका धरलेल्या. त्या न काढताच म्हणाले, "दावं असल्यालं बरं. जनावर कुठं हाय ते कळतं."

शिरूरच्या एसटी डेपोजवळ आमचं कुशनचं दुकान आहे. वर्ष दोन हजार पाच. तालुक्यात तेव्हा सोफ्यावर लोळून कॉम्प्युटर गेम खेळणारा मी एकटाच होतो, आणि त्याचं कारण माझी हुशारी नसून एका ठेकेदाराची बायको होती. तिच्या बंगल्यासाठी अब्बांनी मोरपंखी रंगाचा सोफा बनवला. तिनं तो पाहिला आणि म्हणाली, "हा बसायला हाय का मिरवणुकीला?" सोफा परत आला. दुकानात मावेना, म्हणून घरी आला. घरातही मावेना, म्हणून कपाट बाहेर गेलं. सोफ्यात बसलं की माणूस आत आत जायचा. बाहेर राहायचे फक्त गुडघे.

सोफ्याची पाठ शेजारच्या अनितावहिनींच्या भिंतीला. टीव्ही पार समोरच्या भिंतीला. कॉम्प्युटर मी टीव्हीला जोडला होता, आणि कीबोर्ड-माउसला जोडवायरी लावून त्या सोफ्यापर्यंत ताणल्या होत्या. पहिल्याच दिवशी अम्मीनं त्यांच्यावर दोन टॉवेल आणि अब्बांचं बनियन वाळत घातलं. समोरून शत्रू आला. मी माउस उजवीकडे ओढला, तर बनियन डावीकडे गेलं आणि मी मेलो.

"अम्मी, ही दोरी न्हाई."

"मग ताणली कशाला?" अम्मी म्हणाली.

म्हणून मी बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन्ही प्रकार काउंटरवर मांडले.

"वायरवाला घे. आपटला तरी चालतो."

"वायरलेस दाखवा."

"त्याला सेल लागत्यात. दोनच पीस मागवल्यालं. एक कालच तुमच्या शेजारच्या अनितावहिनी घेऊन गेल्या. शिलाई मशीनच्या चाकात वायर अडकती म्हणल्या. दोन्ही एकाच खोक्यातले. जुळे भाऊच म्हण."

"रेंज किती?"

"भिंतीपल्याड जाती म्हणत्यात."

"मग हाच द्या," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला इतक्या बारकाईनं केलेला हा एकमेव निर्णय.

आता घरातली परिस्थिती सांगतो. माझ्या मोठ्या बहिणीचं, निलोफर आपाचं लग्न ठरलं होतं. मुलगा दौंडचा, अश्फाक, रेल्वेच्या ऑफिसात कारकून. मुलगा सरळ होता. अवघड होते ते त्याचे अब्बा, मेहमूद चाचा. मालगाडीचे रिटायर गार्ड. माणसाकडे बघतानाही हिरवा की लाल, एवढंच बघायचे. मोठ्या मुलाची एक सोयरीक त्यांनी पत्रिकेत नावाची वेलांटी चुकली म्हणून मोडली होती. "ज्यांना वेलांटी सांभाळता येत न्हाई, ते पोरगी काय सांभाळून धाडणार," असं म्हणून ते मांडवातून नव्हे, पण मांडवाच्या ऑर्डरीपासून उठले होते.

तेव्हा आपाच्या पत्रिकेवर आमच्या अख्ख्या घराचा श्वास अडकला होता. त्यात मेहमूद चाचांचा निरोप आला: वर एक दमदार शेर पाहिजे.

पत्रिका टाइप करायची होती अनितावहिनींना. त्या घरीच मराठी टायपिंगची कामं घेत. त्यांनी मजकूर केला, वेलबुट्टी केली आणि वरती शेरासाठी चौकट मोकळी ठेवली. अब्बा शेर निवडायला बसले. एकेक शेर म्हणायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "ह्यात मरण हाय." पुढचा घ्यायचे. "ह्यात दारू हाय." उर्दू शायरीत या दोन्हीशिवाय फारसं काही उरत नाही, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं.

मी मात्र सोफ्यात गडप होऊन वायरलेसवर भुयाराच्या लेव्हलला भिडलो होतो. काय स्वातंत्र्य! कीबोर्ड मांडीवर, मांडी उशीवर. फक्त भुयारातून बाहेर पडायचं दार सापडत नव्हतं. आणि कधीकधी दाबलेलं बटण टीव्हीपर्यंत पोचायचं नाही. मी मान पुढं करून दाबायचो.

तेवढ्यात दारात अनितावहिनी.

"मुजीब, जरा येतो का? निलोफरच्या पत्रिकेत कोनतरी कू करतंय."

"काय करतंय?"

"कू. मी हातसुद्धा लावला न्हाई, आन् आपोआप उमटतंय. कू, कू, के, कू. मला तर घामच फुटला."

सणसवाडीच्या एका क्लासात मी हार्डवेअरचा कोर्स अर्धा केला होता. त्यामुळे गल्लीत कॉम्प्युटरचा डॉक्टर मीच. गेलो. खुर्ची ओढली, बोटं मोडली, स्क्रीनकडे टक लावून बसलो. चिडीचूप. एक अक्षर उमटेना.

"व्हायरस हाय," मी म्हणालो.

"मग आता गप का?"

"दबा धरून बसलाय."

मी सीडी घालून औषधपाणी केलं. वहिनींनी आपल्या बाजूनं मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. "दोन्हीतल्या एकानं तरी गुण येईल," त्या म्हणाल्या. मी घरी येऊन भुयारात शिरलो. लगेच भिंतीवर थाप पडली.

"मुजीब, आलं परत!"

मी गेलो. परत चिडीचूप.

"तू आलास की गप बसतंय बघ," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "तुला घाबरतंय."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आजवर मला आमच्या गल्लीतलं मांजरसुद्धा घाबरलं नव्हतं.

दुपारी भारनियमनाची वेळ झाली. लाइट जायच्या आत वहिनींनी वरच्या चौकटीकडे न बघताच घाईघाईनं प्रिंटवर क्लिक केलं आणि गॅसवरचं दूध उतरवायला पळाल्या. मीही लाइट जायच्या आत दार शोधायचंच, असं ठरवून बटणांवर तुटून पडलो होतो. प्रिंट निघाली, लाइट गेली, आणि छपाईवाला पोपट कागद घडी करून घेऊन गेला. अब्बांचा शेर मिळाला की चौकटीत टाकायचा, असं त्याच्याशी ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी अब्बांना शेर सापडला. मरण नाही, दारू नाही, एक चिमणी आहे आणि तीसुद्धा खुशीत. ते चप्पल घालतच होते, तोवर पोपट पत्रिकांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन दारात हजर.

"घ्या चाचा. एकदम कडक काम झालंय. दौंडचा गठ्ठा सकाळच्या एसटीनं धाडून बी दिला. आपल्याकडं लेट न्हाई."

"अरं, पण शेर कुठं दिला मी अजून?"

"व्हता की त्यात. मी म्हणलं, शेर हाय म्हणल्यावर साध्या शाईत कशाला? सोनेरी मारला."

अब्बांनी पत्रिका उघडली. वरच्या चौकटीत, सोनेरी वेलबुट्टीच्या मधोमध, दोन ओळी होत्या:

कू कू के कू कं कू
ककककककककककक कू

अब्बांनी पत्रिका उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. मग अब्बा म्हणाले, "पोपट, हे काय हाय?"

"शेर."

"ह्यो शेर हाय?"

"मला वाटलं उर्दू हाय," पोपट म्हणाला. "आपल्याला त्यातलं कळत न्हाई, पण यमक जुळतंय. पहिल्या ओळीशेवटी कू, दुसऱ्या ओळीशेवटी कू. म्हणलं, दुसऱ्याच्या भाषेत आपुन कशाला हात घाला? एक कानामात्रा हलवली न्हाई बघा."

याच्यावर रागावणार कसं? असा आदर आम्हाला आजवर कुणी दाखवला नव्हता.

अम्मी खाली बसली. वहिनींना हाक गेली. त्यांनी पत्रिका पाहिली आणि तोंडाला पदर लावला.

"हेच ते. हेच उमटत व्हतं. माझ्या टायपिंगात डी दाबला की क येतो, आन् डब्ल्यू दाबला की दीर्घ ऊकार. पण मी दाबलंच न्हाई. दाबलं कुनी?"

डी आणि डब्ल्यू. गेममध्ये डी म्हणजे उजवीकडे आणि डब्ल्यू म्हणजे पुढे. माझी बोटं माझ्याच गुडघ्यावर आपोआप हलली. डी, डब्ल्यू. डी, डब्ल्यू. वर पाहिलं तर निलोफर आपा माझ्या बोटांकडेच बघत होती. आपाचा स्वभाव शांत आहे. बॉम्बही फुटेपर्यंत शांतच असतो.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही घरी जावा आन् कॉम्प्युटर लावून बसा. काय उमटलं तर मोठ्यानं सांगा."

वहिनी गेल्या. आपानं सोफ्यावरचा माझा कीबोर्ड उचलला आणि एक बटण दाबलं.

भिंतीपलीकडून आवाज आला, "क."

आपानं दुसरं बटण दाबलं.

भिंत म्हणाली, "कू."

घरात सगळे माझ्याकडे वळले. सिग्नल पकडणारी माझी डबी होती पार टीव्हीजवळ, आणि वहिनींची डबी माझ्या पाठीमागे एका विटेच्या अंतरावर. जुळ्या भावांना कुणाचं ऐकायचं ते कळेना, म्हणून त्यांनी जवळच्याचं ऐकलं. हे सगळं मी शास्त्रीय भाषेत समजावून सांगायला लागलो.

"ह्याला गप कर," आपा अब्बांना म्हणाली. मग पत्रिकेवर बोट ठेवून, खूप हळू आवाजात, "वेलांटीवरनं मोडत्यात ते लोक. हितं तर पूर्ण कू हाय."

तिचे डोळे भरले, आणि मला पहिल्यांदाच ते स्वातंत्र्य जड झालं.

अब्बा आणि मी पुढच्या एसटीनं दौंडला निघालो. वाटेत अब्बा एकदाच बोलले. "दावं असल्यालं बरं म्हणलो व्हतो."

दौंडच्या रेल्वे कॉलनीत मेहमूद चाचा व्हरांड्यात बसले होते. डोळ्यांवर चष्मा, हातात पत्रिका. अश्फाक त्यांच्यामागे उभा. चाचांनी आम्हाला बसायलासुद्धा सांगितलं नाही.

"ये शेर किसने चुना?"

अब्बांनी मला पुढे ढकललं. सख्खा बाप. एका हातानं.

"चाचा, त्याचं असं झालं…" मी सुरू केलं.

"थांब." चाचांनी चष्मा काढला. "सगळी उमर गार्डाच्या डब्यात काढली मी. पोरांची लग्नं झाली, पुतण्यांची झाली. ज्यानं त्यानं पत्रिकेवर गुलाब घातले, बुलबुल घातले. आरे, ज्या गाडीनं ह्या घराला रोटी दिली, तिची शिट्टी कुनाला घालावी वाटली न्हाई. कुनाला म्हंजी कुनाला न्हाई!"

आणि त्यांनी उभं राहून तो शेर म्हणून दाखवला. "कूऽऽ कूऽऽ के कूऽऽ. ही गाडी दौंडातनं सुटली. आता बघ, ककककककककक! हा भीमेचा पूल. खडखड खडखड. आन् शेवटी?" त्यांनी हात वर केला, जणू त्यात हिरवी झेंडी होती. "कूऽऽ. आली टेसनात. वाह!"

व्हरांड्याच्या कठड्याशी दोन-तीन रिटायर लोक जमले होते. त्यातल्या एकानं डोळे पुसले.

"तो आधीचा के काय हाय, मेहमूदभाई?" त्यानं विचारलं.

"ब्रेक तपासला," चाचा म्हणाले.

अब्बांचा चेहरा मी पाहत होतो. पहिल्या ओळीला तो मेलेला होता, पुलावर त्यात जीव आला, आणि गाडी स्टेशनात शिरेपर्यंत तो माणूस संपूर्ण बदलला. "ह्यानं स्वतः लिहिलाय," ते माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले. "लहानपनापास्नं नाद हाय त्याला."

मेहमूद चाचांनी मला मिठी मारली. शरबत आलं, बिस्किटं आली. चाचांनी पत्रिका फ्रेम करायचं ठरवलं आणि लग्नाच्या दिवशी हा शेर मी माइकवर, आवाजासकट म्हणायचा, असा हुकूम सोडला. आपाचं लग्न वाचलं होतं. मी शायर झालो होतो. बसल्या जागी मी तिसरी ओळसुद्धा मनात जुळवायला लागलो.

निघताना अश्फाकभाई मला फाटकापर्यंत सोडायला आले. अब्बा पुढे गेल्यावर त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"हापिसात मी हिंदी टायपिंग करतो," ते म्हणाले. "आमच्याकडं बी डी दाबला की क, आन् डब्ल्यू दाबला की ऊकार."

मी शरबताचा ढेकर गिळला.

"पहिली ओळ ठीक हाय. उजवीकडं, पुढं. उजवीकडं, पुढं. मधी एकदा घाबरून मागं आलास, तो के. पन दुसऱ्या ओळीत काय चाललंय? उजवीकडं, उजवीकडं, उजवीकडं, उजवीकडं. भिंतीला कपाळ घासतोय का तू?"

मी चपलेनं माती उकरायला लागलो.

"भुयाराची लेव्हल?"

"व्हय," मी म्हणालो.

अश्फाकभाईंनी माझ्या पाठीवर थोपटलं. इतक्या मायेनं, की आपा सुखात राहील याची मला तिथंच खात्री पटली.

"दार डावीकडं हाय," ते म्हणाले.

वायरलेस मी परत केला. दुकानदारानं वायरवाला पुढे सरकवला. घरी वायरी पुन्हा ताणल्या. अम्मीनं त्यांच्यावर लग्नातले टॉवेल वाळत घातले. टॉवेल बाजूला सारून मी भुयारात शिरलो आणि डावीकडे वळलो.

दार होतं. नुसतं होतं नाही, उघडं होतं.