सहा वाजेपर्यंतची ड्युटी

पशुखाद्याच्या जाहिरातीसाठी खरीखुरी शेतकरीण हवी होती, आणि पारनेरच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकणारी मालनबाई त्या लोकांना पसंत पडली. तिच्याच गावच्या मळ्यात दोन दिवस शूटिंग, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, असं ठरलं. मालनबाईनं ते मनावर घेतलं. पहिल्या दिवशी शूटिंगवाले यायच्या आधीच ती डबा घेऊन बांधावर हजर होती.

तिचा नवरा गहिनीनाथ मात्र याला काम मानायला तयार नव्हता. "नुसतं हसत उभं ऱ्हायचं, त्याला काम म्हनत्यात व्हय?" असं तो पारावर भेटेल त्याला सांगत होता.

दुपार कलल्यावर तो म्हशीची धार काढायला बसला. म्हैस मालनबाईच्या हातावरची. तिनं पान्हा सोडलाच नाही. गोंजारून झालं, आंबोण पुढं ठेवून झालं. शेवटी गहिनीनाथ मळ्यात गेला.

"चल घरी. म्हैस दूद द्यायना."

मालनबाई कॅमेऱ्याकडं बघून हसत होती. हसू न मोडता ती म्हणाली, "सा वाजल्याबिगर यायची न्हाई. ड्युटी हाय."

"आगं, कास दगडावानी झालीया!"

"काका, फ्रेममधून बाजूला व्हा," दिग्दर्शक अमृत म्हणाला.

गहिनीनाथ घरी आला. म्हैस माणूस थोडीच बघते, लुगडं बघते, असा त्यानं विचार केला. बायकोचं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बादली घेऊन तो गोठ्यात शिरला. म्हशीनं पदराखालच्या मिशा पाहिल्या, दावं तोडलं आणि थेट मळ्याकडं सुटली. मागं लुगडं सावरत गहिनीनाथ.

शूटिंगमध्ये म्हैस घुसली. छत्र्या आडव्या झाल्या, मेकअपवाली बांधापलीकडं पळाली. म्हैस मालनबाईपाशी येऊन थांबली आणि तिचा खांदा चाटू लागली. मालनबाई हसतच उभी होती, कारण अजून कुणी 'कट' म्हटलं नव्हतं.

"हेच पाहिजे होतं!" अमृत ओरडला. "काका, उद्या नऊला या. याच लुगड्यात."

"मी?" गहिनीनाथनं पदर तोंडावर ओढला. "गाव काय म्हनंल?"

"अहो, जाहिरातीचे हिरो तुम्हीच."

हिरो म्हटल्यावर गहिनीनाथचा पदर जरा खाली आला.

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून कॅमेऱ्यापुढं म्हशीमागं पळत राहिला. एकदा ऊन गेलं, एकदा पदर सुटला, एकदा म्हैसच मध्ये बसली. प्रत्येक वेळी तिला माघारी आणायला त्याच्याच हातानं पेंड चारावी लागे. दुपारपर्यंत म्हैस त्याला भिईनाशी झाली. नंतर तर तीच त्याच्या मागं धावू लागली. अमृतला तेही आवडलं.

सहा वाजता सुट्टी झाली. गहिनीनाथ घरी येऊन लुगडं फेडून खाटेवर पडला. "पायाचं तुकडं पडलं. आता मला हाक मारू नगंस."

मालनबाई धार काढायला बसली. म्हशीनं बादलीला लाथ घातली आणि मान वळवून ती घराच्या दाराकडं बघत हंबरली. गोंजारलं, पुन्हा हंबरली. मालनबाईनंही दाराकडं बघितलं. मग उठून घरात आली आणि तिनं लुगडं नवऱ्याच्या अंगावर टाकलं.

"अवं, उठा. धार काढायचीय."

"सा वाजून गेलं की!" गहिनीनाथ कळवळला.

"ती शूटिंगची ड्युटी," मालनबाई म्हणाली. "घरच्या ड्युटीला टायमिंग नस्तं. उठा, मिशा नीट झाका."