रूपाबाईंच्या लग्नाची फिल्म कापण्याचे मोहिमेची हकीकत

नमो बुद्धाय. वऱ्हाड प्रांती, परगणे वाशीम, मौजे जऊळका येथे लॅपटॉपशाहीचे अमलात जावई आणि मेहुणा या दोन सरदारांत जे रण माजले, त्याचे वर्तमान पुढे लिहिले आहे. रूपाबाईंची आज्ञा जाहली की लोक पारावर बसून काहीबाही सांगतात, एक म्हणतो कॉम्प्युटर जळाला, दुसरा म्हणतो सोयरीक तुटली, तरी खरे काय ते एकदा कलमबंद व्हावे. सेवकाने दोन्ही पक्षांचा चहा प्यायला आहे आणि साखर दोहींकडे सारखीच होती, सबब पक्षपाताचा संशय धरू नये.

ऐसियास, उकंडराव म्हणोन मौजे मजकुरी राहतात, रेल्वेच्या रुळांवर उमर घालवून पेन्शनीस आलेले, बोलणे थोडे, चालणे बहुत. त्यांचे कुटुंब दुर्गाबाई, ज्यांचे मुठीत घरचा सर्व कारभार. या उभयतांची कन्या रूपाबाई, हिचा विवाह धनजचे प्रसेनजितराव यांजशी नेमिला, मांडव पडला, पाहुणे उतरले, आणि लग्नाचे आदले सांजेस अपेंडिक्स नामे गनिमाने उकंडरावांचे पोटात बंड केले. मग गाडी बोलावून त्यांस वाशीमास इस्पितळी रवाना केले, आणि गाडीत निजल्या निजल्या त्यांनी फर्मान दिल्हे की लग्न पुढे ढकलू नये, मंडळी जेविल्याविना परत जाऊ नये, आणि कॅमेरावाल्याने सर्व टिपून ठेवावे, आम्ही मागाहून पाहू. इकडे त्रिशरण-पंचशील होऊन हार पडले, आणि तिकडे वाशीमास टाके पडले.

पुढे कॅमेरावाला लग्नाचा अवघा ऐवज एका हार्ड डिस्कात भरून हवाली करिता जाहला, आणि कापून-जोडून फिल्म करावयास दिवाळीमागून सवड होईल ऐसे सांगून दुसऱ्या लग्नांच्या मुलुखगिरीवर निघोन गेला. उकंडराव बरे होऊन घरी आले ते रोज सांजेस पुसत, फिल्म जाहली काय. कोणी म्हणे उद्या, कोणी म्हणे परवा. मग त्यांनी पुसणे सोडिले, तेव्हा मात्र दुर्गाबाईंस चिंता पडली. त्यांनी हुकूम फर्माविला की रूपा व जावईबापू रविवारचे गाडीने नांदेडास नोकरीवर जाणार, त्या आधी फिल्म तयार व्हावी, आणि लेक शेजारी बसवून बापाने ती पाहावी. न जाहल्यास या घरात कोणी लॅपटॉपाचे नाव काढू नये.

हुकूम ऐकोन दोन वीर एकदम उठले, आणि तेथेच घात जाहला. एक रूपाबाईंचा बंधू संघदीप, वाशीमास कॉम्प्युटरविद्या शिकलेला, त्याचे लॅपटॉपावर पेंग्विनाचे निशाणाची फुकट सिस्टीम. दुसरे स्वयें प्रसेनजितराव, नवे जावई, त्यांचे लॅपटॉपावर खिडक्यांची बादशाही. संघदीपाने फिल्म कापावयाचे मोंटारा नामे कार्यक्रमाचा, म्हणजे सॉफ्टवेअराचा, पक्ष धरिला आणि जावयांनी कटबर्डाचा. हे दोन्ही ओपन सोर्स जातीचे, म्हणजे ज्यांचे पोट सर्व जगास उघडे, कोणीही आत डोकावावे, चूक दिसल्यास नीट करावी, आणि वापरणाराने कोणाची ताबेदारी पत्करू नये. आणि दोन्ही क्यूट नामे एकाच टूलकिटाने, म्हणजे तयार बटणे-चौकटींचे पेटीने, बांधिलेले, त्या टूलकिटाची करामत ऐसी की एकदा बांधिलेला कार्यक्रम खिडक्यांचे बादशाहीतही चालावा आणि पेंग्विनाचे मुलुखातही. तेव्हा एका आईच्या दोन लेकरांत डावे-उजवे काय करावे? परंतु ज्यास भांडावयाचे त्यास तिळाएवढे निमित्त पुरते.

जावयांचे म्हणणे की कटबर्डात एक चित्र जाऊन दुसरे येते ते कमळ उमलावे तैसे येते, ही शोभा अन्यत्र नाही. संघदीपाचे म्हणणे की शोभा घेऊन काय चाटावी, मोंटारा केलेले काम आपणहून जतन करितो, वीज गेली तरी धक्का नाही, आणि वीज जाणे हा तर येथला नित्यनेम. मग जाबसाल वाढला, आवाज चढला, आणि बाजूचे खोलीत उकंडराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुर्गाबाईंनी दोन्ही कार्यक्रम शेजारी शेजारी मांडून पाहिले, तो बटणे तीच, पट्ट्या त्याच, फाइल उघडावयाची चौकटदेखील तीच; तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्ही दोघे मिळून मला एकच वस्तू दोनदा दाखविता, आणि उठोन भाकरी थापावयास गेल्या.

तेव्हा न्याय करावयास शेजारचे जगदेव यांस पाचारण जाहले. जगदेव म्हणजे बैलांचे बडे पारखी, बाजारी त्यांचे शब्दावाचून जोडी विकत नसे. त्यांनी दोन्ही लॅपटॉप भोवती फिरून पाहिले, मिशीस हात लाविला आणि निवाडा दिल्हा.

"दात पाह्यून बैल समजत नाही. दोघायवर सारखंच वझं टाका, कोनता बसते ते पाहा."

हे सर्वांस मानवले. मग एकच लॅपटॉप रणभूमी ठरवून, हारांचा प्रसंग आणि जेवणाची पंगत इतका ऐवज आधी मोंटारावर लादिला आणि मग कटबर्डावर. मोंटारा हारापर्यंत शर्थीने चालला आणि तेथे थबकला, तो नवरदेवाचा हात हार घेऊन अधांतरी राहिला, आणि दुसरा चहा होईतो तैसाच राहिला. कटबर्ड थबकला नाही, परंतु त्याचे राज्यात चित्र एकीकडे आणि आवाज एकीकडे ऐसी फितुरी जाहली, पडद्यावर बँडवाला गाल फुगवून फुंकतो आणि बाज्यातून पाहुण्यांचे आशीर्वादाचे भाषण निघते. लॅपटॉप ऐसा तापला की मांजर त्याजवर येऊन निजले. जगदेव म्हणाले की दोन्ही बसले, पण दोन्ही उठलेही, सबब ज्याने त्याने आपली फिल्म पुरी करावी, अंगणात मांडावी, आणि रयत कौल देईल तो खरा.

शनिवारी अंगणात टीव्ही आणोन दोन्ही फिल्मा लाविल्या. धनजाहून जावयांच्या आत्याबाई कुमक घेऊन आल्या, जऊळक्याकडून रूपाबाईंची मावशी, जगदेवांचे कुटुंब गोजराबाई आणि गल्लीतील लहानथोर बसले. जावयांचे फिल्मेत आत्याबाई वारंवार येत, एकदा तर हळूहळू चालीने येत, जैसी सरकती पालखी, आणि मावशींचा केवळ एक कोपर. संघदीपाचे फिल्मेत मावशी पूर्ण, आणि धनजाची अवघी वरात पापणी लवते तो निघोन गेली. झाले, कौलाचे दोन तुकडे पडले. आत्याबाई म्हणाल्या की मोंटारात माणूस उगाच जाड दिसतो. मावशी म्हणाल्या की कटबर्ड लबाड आहे, त्याने खानदान ओळखिले नाही. विद्वान लोक कार्यक्रमांची तुलना वेगावर करितात, मेमरीवर करितात, परंतु सेवकाचे पाहण्यात रयतेची कसोटी एकच, ज्यात मी दिसलो तो कार्यक्रम चांगला.

आणि गोजराबाई दोहींतही नव्हत्या. त्या दिवसभर मांडवामागे पोळ्या लाटीत होत्या, इतके पीठ मळिले, इतका धूर खाल्ला, आणि दोन्ही फिल्मांत त्यांचे बोटदेखील नाही. त्या पदर झटकून घरी गेल्या. तेव्हा जगदेवांनी न्यायाधीशपणाचा तिथेच राजीनामा दिल्हा, कारण त्यांस घरी जाऊन जेवावयाचे होते.

मग रूपाबाई खफा जाहल्या. त्यांनी नवऱ्यास व भावास एका सतरंजीवर बसविले आणि सांगितले की लग्न माझे, बाप माझा, आणि भांडण मात्र तुमचे, हे चालणार नाही. तेव्हा तह जाहला. आत्याबाईंनी एकदाच यावे आणि साधे चालावे, मावशींस मुख द्यावे, कापणे मोंटाराने करावे आणि नावांची अक्षरे कटबर्डाने लिहावी. जे लांबले, जे हलले, जे कंटाळवाणे, ते दोघांनी एकमताने टाकिले, आणि रविवारी सकाळी ऐसी देखणी फिल्म तयार जाहली की दोन्ही सरदारांनी एकमेकांस टाळी दिली.

उकंडरावांस धरून खुर्चीत बसविले, रूपाबाई शेजारी बसल्या, फिल्म सुरू जाहली. फुले उमलली, अक्षरे नाचली, हार पडले, बँड वाजला, मंडळी हसली, आणि बशीतला चहा निवण्याआधी फिल्म खलास जाहली. दोन्ही सरदार तारीफ ऐकावयास कान टवकारून उभे. उकंडराव पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले,

"बाकीचं कुठी हाय?"

संघदीप सांगू लागला की बाबा, बाकीचे कापिले, त्यात पाहण्याजोगे काही नाही, मंडळी नुसती बसली आहेत, कोठे रांग लागली आहे, कोठे कॅमेरा हलला आहे. उकंडरावांनी ते सर्व ऐकोन घेतिले.

"मी लग्नाले आलो असतो तं दिसभर बसलो असतो ना, बापू. मले कापेल नोको. मले आख्खं लगन दाखवा."

इतके दिवस दोन फौजा कोणती कात्री चांगली म्हणोन लढल्या, आणि ज्याचेसाठी लढल्या त्यास कात्रीच नको होती. हे पुसावयाचे मात्र कोणाचे ध्यानी आले नाही. सेवकाचेही आले नाही, तेव्हा इतरांस काय बोलावे. मोंटारा बंद जाहला, कटबर्ड बंद जाहला, आणि एक साधा प्लेअर लाविला, तोही ओपन सोर्स, तोही त्याच टूलकिटाचा, ज्यास चालवणे आणि थांबवणे यापरता हुन्नर नाही. हार्ड डिस्क जोडिली आणि लग्न पहिल्यापासून सुरू जाहले.

मग उकंडराव लग्नास बसले. मांडवात पाहुणे नुसते बसले होते तेही त्यांनी पाहिले, एकेकाचे नाव घेतिले, अमका वाळला, तमका म्हातारा जाहला, त्या कोपऱ्यातल्या पाहुण्यास पाणी दिल्हे की नाही म्हणोन दुर्गाबाईंस पुसिले, आणि दुर्गाबाईंनीही दिल्हे म्हणोन शपथेवर सांगितले. त्रिशरण सुरू होताच ते टाक्यांवर हात दाबून उठोन उभे राहिले आणि हात जोडिले, मग घरातील सर्वांसच उभे राहणे भाग पडले. पंगतीचे प्रसंगी मागे धुरात पोळी लाटणारा एक हात दिसला, बांगड्या ओळखून दुर्गाबाईंनी गोजराबाईंस बोलावू पाठविले, आणि गोजराबाई येऊन, आपणांस पाहोन, जगदेवांस रात्री जेवण मिळेल ऐसे बोलून गेल्या. उकंडराव पंगतीबरोबर जेविले. आत्याबाई आणि मावशी एकमेकींस टेकून पेंगल्या.

सांज होत आली, बॅगा दारात लागल्या, आणि पडद्यावर पाठवणी निघाली. गाडीभोवती गर्दी जाहली, आणि कॅमेरावाला कॅमेरा चालू ठेवूनच खांद्यास अडकवून कोठे निघाला, तो पुढे नुसती जमीन, चपला आणि साड्यांचे काठ. हा तुकडा दोन्ही सरदारांनी पहिल्याच दिवशी, आवाज न ऐकता, निकामी म्हणोन टाकिला होता. त्यात चित्र कोणाचेच नाही, परंतु रूपाबाईंचा आवाज अगदी जवळून आला.

"माय, बाबाले सांगजो, मी रडली नाही म्हणून."

आणि इतके बोलून पडद्यातील रूपाबाई जे रडू लागल्या ते चपला दूर जाईतो ऐकू येत होते. खुर्चीशेजारच्या रूपाबाईंनी ओंजळीत तोंड घातले. उकंडरावांनी त्यांचे डोकीवर हात ठेविला आणि बराच वेळ तो काढिला नाही. प्रसेनजितरावांनी संघदीपाकडे पाहिले, संघदीपाने बॅगा उचलिल्या.

"चाल बाई, गाडीचा टाइम झाला," ऐसे उकंडराव म्हणाले, आणि पोटास पट्टा बांधून, कोणाचे न ऐकता, लेकीस पोचवावयास पायी स्टेशनापर्यंत गेले, आणि गाडी सुटून दिसेनाशी होईतो फलाटावर उभे राहिले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. फत्ते मोंटाराची म्हणावी की कटबर्डाची, याचा वाद धनजास व जऊळक्यास अद्याप चालू आहे, तो चालो. मौजे जऊळका येथील उकंडराव आपले लेकीचे लग्नास आरंभापासून पाठवणीपर्यंत जातीने हजर होते, इतके मात्र येथे कायम लिहून ठेविले असे.