मालकीणबाई, तोंड फिरवा!

दत्ताप्पा कोणाच्याही बागेत शिरण्याआधी फाटकापाशी एक शिट्टी मारायचे आणि "होल्डान!" म्हणून ओरडायचे. बाग बघून झाली की दोन शिट्ट्या आणि "राइट!" मधल्या वेळात आम्ही गल्लीतल्या बायका पदर सावरत दुसऱ्यांची झाडं डोळे भरून बघून घ्यायचो. कोणी एखाद्या झाडापाशी रेंगाळली की त्यांचा आवाज यायचा, "बाई, उतरायचं असलं तर उतरा, न्हाईतर पुढं सरका. मागं गर्दी हाय." मागे कसली गर्दी नसायची. मागे मी एकटी असायची.

दत्ताप्पा आमचे शेजारी. त्यांच्या आणि माझ्या अंगणाच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. नोकरीभर ते निपाणी-चिकोडी गाडीवर कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर खाकी कपडे गेले, तिकिटांची पेटी गेली, शिट्टी मात्र गळ्यातच राहिली. आंघोळीला जाताना ती खिळ्याला अडकवायचे, बाहेर आले की आधी शिट्टी, मग बनियन. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ती गाडी फुल्ल हुती. पुढच्या गाडीची वाट बघत हुबा ऱ्हायलो, तवर स्टँडच बंद झालं."

आमचं गाव निपाणीपासून जवळ, तळ्याच्या काठी. तळ्यामुळे विहिरी आटत नाहीत, म्हणून घरापुढे हातभर जागा असली तरी तिथे काहीतरी फुललेलं असायचं. आता पुष्कळ ठिकाणी त्या जागेत गाड्या उभ्या असतात. पण मी सांगते त्या काळात रविवारी सकाळी बांधावरून चाललं की जाईचा वास कुठे संपला आणि सोनटक्क्याचा कुठे सुरू झाला ते कळत नसे.

आमच्या गल्लीत घरोघरी विड्या वळायच्या. आठवडाभर मांडीवर सूप आणि बोटांना तंबाखू. तो वास साबणाने जात नाही. भाकरीलाही लागतो. एका रविवारी दत्ताप्पांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून शिट्टी मारली. "चला, बागा बघाय चला! सुपं हितंच ठेवा. आज नाकाला सुट्टी!"

आधी कोणी जागचं हललं नाही. लोकांच्या घरात कशाला शिरायचं? मग शकू उठली. शकू माझ्याबरोबर विड्या वळायची. तोंडाने फटकळ, भीड म्हणून नाही. "आप्पा, तिकीट किती?" म्हणाली.

"लेडीजला फ्री."

"मग चला की गं! फुकट हाय तर निपाणीपतूर जाऊया."

शकू निघाली म्हणून बाकीच्या निघाल्या. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. घशाशी शब्द येतात आणि तिथेच बसतात. मी हळूच मागे फिरत होते, तर दत्ताप्पांनी बघितलं. म्हणाले, "तुमी मागचं दार. सगळ्यांच्या शेवटी यायचं आनि फाटक लावून घ्यायचं. शेळी आत शिरली तर जबाबदारी तुमची." ह्या कामात कोणाशी बोलायला लागत नव्हतं. मला ते फार आवडलं. पुढे ते मला नावाने हाक मारीनासेच झाले. भिंतीवरून सुद्धा, "मागचं दार, विळी हाय का जरा?" असं.

पहिला थांबा कन्नड शाळेतून रिटायर झालेल्या बाईंचा. त्यांनी तेलाचे डबे निळे रंगवून त्यांत क्रोटन लावले होते. आम्हाला बघितलं की बाई, "बर्री, बर्री," म्हणून पुढे यायच्या आणि दत्ताप्पा लगेच आमच्याकडे वळून सांगायचे, "या म्हणत्यात." ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं. बाजारात रोज कन्नड बोलतोच की. पण गाडीत कंडक्टर असताना दुसऱ्याने बोलायचं नाही. बाई एकेका डब्यापाशी थांबून त्याची सगळी कहाणी सांगायच्या, कुठून आणला, कोणती कीड लागली, कसा वाचला. दत्ताप्पा मान हलवत ऐकायचे आणि भाषांतर करायचे, "पानी बेतानं घाला म्हणत्यात."

दुसरा थांबा टेलरचा. त्याची बाग म्हणजे जिन्याखाली उभं केलेलं मोडकं शिलाई मशीन. चाकावरून मनीप्लांट चढवलेला, पायडलवर शेवंतीच्या कुंड्या. तिथे दोघींपुरतीच जागा. "बाकीच्यांनी पुढच्या गाडीनं या," म्हणून दत्ताप्पा आम्हाला रस्त्यावर थोपवून धरायचे आणि जोडी-जोडीने आत सोडायचे.

तिसरा तंबाखूच्या व्यापाऱ्याचा बंगला. तिथे हिरवळ होती आणि हिरवळीवर सिमेंटचे दोन बगळे. पहिल्या दिवशी शकू बराच वेळ एका बगळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आप्पा, हा उडत का न्हाई?"

"त्येचा पास संपलाय. चल पुढं."

बागा बघून नुसतं परत येण्यात काय मजा? फांदी हवीच. आणि आमच्याकडे असं मानतात की मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेलीच लागते. आता फाटकातून राजरोस आत जाऊन, मालकिणीच्या हातचं पाणी पिऊन चोरी करायची कशी? ह्यावर दत्ताप्पांनी तोड काढली होती. निघायच्या आधी ते मोठ्याने म्हणायचे, "मालकीणबाई, तोंड फिरवा!" मालकीण हसत भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तेवढ्यात जिला जे हवं तिने त्याची एक काडी मोडून घ्यायची. शिट्टी झाली की मालकीण वळायची आणि म्हणायची, "अय्या, काही नेलं तर नाही ना?" आमचे पदर फुगलेले. एकदा शकूने व्यापाऱ्याच्या घरून अख्खी कुंडी उचलली, तेव्हा फाटकातच दत्ताप्पांनी तिला अडवलं. "फांदी म्हंजे फांदी! हे लगेज झालं. हेचं तिकीट येगळं."

"ही आमच्या आईची रीत," ते सांगायचे. त्यांच्या आईला मी बघितलं होतं. अंगणात तिचा गावठी गुलाब होता. फिका गुलाबी, फूल लहान, वास मात्र भिंत ओलांडून माझ्या चुलीपर्यंत यायचा. गल्लीतली कोणी बाई त्या झाडापाशी घोटाळायला लागली की म्हातारी, "चुलीवर दूध हाय गं माझं," म्हणून आत जायची. दूध नसायचं. चूलसुद्धा कधी कधी पेटलेली नसायची. बाईला फांदी मोडायला सवड मिळावी म्हणून ती आत जाऊन नुसती उभी राहायची.

एवढ्या बागा दाखवणाऱ्या दत्ताप्पांच्या स्वतःच्या अंगणात मात्र गवताची काडी नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत शहाबादी फरशी. आई गेल्यावर वर्षाच्या आत, रिटायर झाले त्याच उन्हाळ्यात त्यांनी ती घातली. गाडी घ्यायची होती, मोपेड. ती लावायला सपाट जागा पाहिजे म्हणून गुलाब काढला आणि वरून फरशी ओढली. गाडी काही घेतली नाही. जन्मभर दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत उभे राहिलेले, त्यांना हँडल धरायची भीती वाटायची, असं मला वाटतं.

त्यांची बहीण हौसाक्का ह्याच गावात दिलेली. तिचं घर तळ्याच्या बांधावर. त्या वर्षी पंचमीला ती माहेरी आली, लाडवांची पाटी घेऊन. मी भिंतीच्या अलीकडे भांडी घासत होते. ती दारातच थांबली.

"दत्तू, आईचा गुलाब कुठं हाय?"

"मधी येत हुता, आक्का. गाडी लावायची म्हणून..."

"कुठली गाडी?"

दत्ताप्पा गळ्यातली शिट्टी बोटांत फिरवायला लागले.

"आईवर फरशी घातलीस व्हय रं?" एवढंच ती म्हणाली. लाडवांची पाटी त्या फरशीवर ठेवली आणि आल्या पावली गेली. पुन्हा आली नाही. दत्ताप्पाही तिच्याकडे गेले नाहीत. ती पाटी त्यांच्या खुंटीला कित्येक वर्षं टांगलेली मला दिसायची.

ह्यानंतरच्या वर्षी फेऱ्या सुरू झाल्या. घरी परतताना ते आम्हाला हमखास बांधावरून न्यायचे. खरं तर बाजारातून रस्ता जवळ. पण "रूट ठरलाय" म्हणायचे. बांधावर हौसाक्काचं घर आलं की दोन शिट्ट्या. "नॉन-स्टॉप! कुनी उतरू नका!" आणि स्वतः मात्र त्याच ठिकाणी चप्पल नीट करायला वाकायचे. तिच्या कंपाउंडावरून गावठी गुलाबाचा वास यायचा. फिका गुलाबी, लहान फूल. नव्या नवरीच्या दिवसांत हौसाक्काने आईच्या झाडाची फांदी मोडून नेली होती, म्हातारी दूध बघायला आत गेली तेव्हा. शकू दर रविवारी हट्ट करायची, "आप्पा, ह्या बागंत एकदा तरी थांबवा की." ते म्हणायचे, "हितं थांबा मंजूर न्हाई."

मी सगळ्यांच्या मागे असायची, म्हणून मला त्यांची पाठ दिसायची. चप्पल कधीच सुटलेली नसायची.

एका रविवारी शकूने बांधावरच बातमी सांगितली. "आप्पा, हौसाक्का बेळगावला चालली पोराकडं. घर इकलं. घेणारा म्हणं समदी झाडं काढनार, गाड्या लावाय जागा करनार." दत्ताप्पांनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. आम्ही आपल्या आपणच पुढे चालत गेलो.

पुढच्या रविवारी त्यांनी कपड्यांना इस्त्री केली होती. बाईंकडे थांबलो नाही, टेलरकडे थांबलो नाही, सिमेंटचे बगळे रस्त्यावरूनच बघितले. थेट बांध. हौसाक्काच्या फाटकापाशी आल्यावर त्यांनी शिट्टी मारली. एक. "होल्डान" मात्र निघालं नाही. ते शकूने म्हटलं.

हौसाक्का बाहेर आली. घरातलं सामान आदल्या दिवशीच टेंपोतून गेलं होतं. उघड्या दारातून रिकाम्या खोल्या आरपार दिसत होत्या. स्वयंपाकघरात ओटा तेवढा उरला होता.

"काय गं, सकाळच्या पारी एवढ्या जनी?" तिने विचारलं.

"बाग बघाय आलो, आक्का," शकू म्हणाली.

"बघा की. माझ्याकडं फरशी न्हाई, पाय मळतील." मग फाटकाकडे न बघता, "आनि कंडक्टर खाली उतरत न्हाईत वाटतं."

दत्ताप्पा आत आले. आम्ही उगाच इकडची तिकडची पानं बघायला लागलो. ते सरळ गुलाबापाशी जाऊन उभे राहिले. झाड त्यांच्या डोक्याएवढं झालं होतं. आता त्यांनी म्हणायचं होतं, "मालकीणबाई, तोंड फिरवा." आम्ही वाट बघत होतो. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्यांदा उघडलं आणि मिटलं. शब्द घशाशी बसले की कसं होतं ते मला माहीत आहे.

हौसाक्काने ते बघितलं. मग पदराने हात पुसत म्हणाली, "थांबा हं. चुलीवर दूध हाय माझं."

आणि त्या रिकाम्या घरात आत गेली.

शकूने माझा हात धरला. दत्ताप्पांनी खिशातून चाकू काढला. काटे लागत होते. आतून हौसाक्काचा आवाज आला.

"कवळी घेऊ नगंस. मधली घे, पेन्सिलीएवढी."

"बोलू नगंस, आक्का," दत्ताप्पा तिकडे न बघता म्हणाले. आवाज फाटला होता. "बोललीस तर लागायची न्हाई."

"बरं," आतून आलं. मग जरा थांबून, "तिरकी काप."

"आक्का!"

"ऱ्हायलं बाबा."

मी शकूला बाहेर ओढलं. बाकीच्या बायका आपणहून निघाल्या. कोणी फांदी मोडली नाही. सगळ्यांच्या शेवटी मी फाटक लावून घेतलं, आवाज न करता. दत्ताप्पा आत राहिले. त्या दिवशी दोन शिट्ट्या झाल्याच नाहीत आणि आम्ही बांधावरून कंडक्टरशिवायच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे पहारीचा आवाज ऐकू आला. मी सूप बाजूला ठेवून बघितलं. अंगणाच्या मधोमध एक फरशी उचकटून बाजूला उभी केली होती. दत्ताप्पा गुडघ्यांवर बसून हातांनी माती मोकळी करत होते. शेजारी तांब्या होता आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली फांदी. शिट्टी मातीत लोळत होती. त्यांची मान खाली होती आणि खांदे हलत होते.

माझी चाहूल लागली असावी. त्यांनी वर बघितलं, मातीच्या हातांनी डोळे पुसले आणि काहीतरी बोलायला गेले.

"चुलीवर दूध हाय माझं," मी म्हटलं, आणि आत गेले.