माणूस आत हाय

आमच्या दाराच्या बेलवर कित्येक महिने एक लाल कार्ड लटकत होतं. वर कवटीचं चित्र, खाली छापील अक्षरांत ‘धोका! काम चालू आहे, हात लावू नये’ आणि त्याखाली माझ्या मुलीच्या हस्ताक्षरात ‘सई. फिजिक्स. लेन्सची उदाहरणं.’ कुरिअरवाला ते वाचून पार्सल पायरीवरच टाकून पळायचा. दूधवाल्याने घरात कोणाला काय झालंय, अशी हळू आवाजात चौकशी केली. हे सगळं कर्तृत्व शेजारच्या शंकरनानांचं.

नाना मूळचे इथलेच, निघोज्याचे. चाकणच्या एका कंपनीत फिटर म्हणून उभा जन्म गेला. रिटायर झाले, पण डोक्यातली कंपनी काही सुटली नाही. तिथला नियम असा, की मशीनच्या आत दुरुस्तीला शिरणारा माणूस मेन स्विचला स्वतःचं कुलूप आणि नावाचं कार्ड लावतो. चावी त्याच्याच खिशात. काम संपवून तो स्वतः कुलूप काढेपर्यंत साहेबसुद्धा स्विचला हात लावत नाही. नियम उत्तम आहे, पण तो कंपनीत ठेवावा ना! माझ्या घरात कशाला?

झालं असं, की सई बारावीच्या प्रिलिमला फिजिक्समध्ये नापास झाली. हिला इंजिनीअर व्हायचं होतं, आणि ही बया मोबाईल हातात घेऊन रडत होती. रडता रडता मधूनच रील बघत होती. मी आवाज चढवला. तेवढ्यात नाना कुलूप, कार्ड आणि स्टीलचा डबा घेऊन हजर.

“ताई, तुमी वरडू नका. वरडून मशीन बंद व्हत न्हाई,” असं मलाच सुनावून ते सईसमोर बसले. “कार्डावर काम लिव्ह.”

तिने ‘अभ्यास’ लिहिलं. नानांनी कार्ड परत तिच्या हातात दिलं.

“अभ्यास म्हंजी काय? आमी कधी नुसतं ‘दुरुस्ती’ लिवलं न्हाई. कंचा नट ढिला हाय, त्ये लिव्ह.”

मग मोबाईल डब्यात गेला, डब्याला कुलूप लागलं, कार्ड सईने स्वतः बेलला अडकवलं. मी चावीसाठी हात पुढे केला, तर म्हणाले, “चावी तिच्यापाशी. दुसऱ्यानं कुलूप लावलं की त्याला कोठडी म्हणत्यात.”

म्हणजे मी आई की जेलर? माझ्याच घरात, माझ्याच मुलीसमोर!

त्यानंतर जो छळ सुरू झाला, तो विचारू नका. कुकरने शिट्टी दिली की नाना दारात. “ताई, माणूस आत हाय!” टीव्हीच्या रिमोटला कार्ड लागलं आणि सासूबाईंच्या मालिकेतल्या सुना मुक्यानेच भांडू लागल्या. माझा फोनसुद्धा डब्यात गेला, कारण “येक फोन वाजला तरी सगळ्यांचं कान तिकडं जात्यात.” एकदा दुपारी आमचे हे फर्स्ट शिफ्ट करून आले. बेलला कार्ड, फोन डब्यात. दार ठोठावायला उचललेला ह्यांचा हात नानांनी वरच्यावर धरला आणि दोघं जिन्यात बसून राहिले. मला वाटलं, आता तरी हे भडकतील. तर आत आल्यावर म्हणतात, “बरोबर आहे नानांचं.” शेवटी तेही कंपनीवालेच!

सई पास झाली. सीईटीलाही बरे मार्क पडले, तळेगावला इंजिनीअरिंगला नंबर लागला. कार्ड मात्र बेलवर तसंच. मी काढायला गेले की नाना आडवे यायचे. “तिनं लावलंय, तीच काढंल.”

ती हॉस्टेलला निघाली त्या दिवशी सामान रिक्षात चढलं, सई बसली, आणि नाना अनवाणी धावत येऊन रिक्षासमोर उभे राहिले.

“कार्ड काढलं का?”

“नाना, उशीर होतोय तिला!” मी ओरडलेच.

“व्हवू द्या. कुलूप न काढता शिफ्ट सोडायची न्हाई.”

ते हलेनात. सई बिचारी तीन मजले चढून गेली, कार्ड काढून आणलं आणि माझ्या हातात देऊन वाकून नानांच्या पाया पडली. नाना वर निघून गेले.

रिक्षा गेल्यावर मी तणतणत वर गेले. कार्ड त्यांच्यापुढे आपटायचं आणि इतक्या महिन्यांचं सगळं ऐकवायचं, असं ठरवूनच. दार उघडं होतं. नानांची गादी हॉलमध्येच पसरलेली. आतल्या खोलीच्या कडीला गंजलेलं कुलूप, आणि लाल रंग उडालेलं कार्ड. ‘महेश. शेवटचा पेपर.’

“पोरगा पेपर देऊन आला आन् तसाच बंगळूरला नोकरीवर गेला,” नाना म्हणाले. “काढायचं इसरला.”

“अहो, मग तोडा कुलूप! कंपनीत नाही का तोडत?”

“तोडत्यात की. पर आधी त्या माणसाला फोन लावून इचारावं लागतं.”

“मग लावा फोन!”

“उचलत न्हाई.” त्यांनी माझ्या हातातलं सईचं कार्ड घेतलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. “कामात असंल.”

मला त्या न पाहिलेल्या महेशचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. “कसा उचलत नाही? द्या इकडे नंबर, मी बघते त्याच्याकडे!” मी ओरडले.

नानांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू, ताई. वरच्या मजल्यावरची सायली अभ्यासाला बसलीय. माणूस आत हाय.”