‘येतो’ म्हणून गेलेल्याचं इंजिन

सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर एकदा प्रकृती दाखवून घ्या! मी जन्मभर थापा मारल्या हे खरं. पण ही थाप नाही. न्हाव्याच्या दुकानात मी हेच म्हणालो, तर तो वस्तरा पुसत म्हणतो, "आजोबा, मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होतात. तेव्हा तुमची छत्री बोलत होती."

"छत्रीचं सोड! हे इंजिनाचं आहे!"

दुकानात आम्ही तिघंच. मी, न्हावी, आणि खुर्चीत मागे रेललेलं एक गिऱ्हाईक. त्याच्या तोंडावर गरम टॉवेल, बाहेर फक्त नाकाचं टोक. ते हूं की चूं करत नव्हतं. मला असेच श्रोते आवडतात.

तर माझी नात, ठिणगी. ती आणि तिच्या कॉलेजातली पोरंपोरी मिळून शर्यतीची गाडी बनवतात. एका माणसाची, घोरपडीसारखी जमिनीला चिकटलेली. सांगाडा, चाकं, सुकाणू, सगळं घरचं. फक्त इंजिन मोटरसायकलचं. आणि ते मिळवायचं कुठून? तर पडलेल्या, आपटलेल्या गाड्यांतून. म्हणजे कुणाचं तरी हाड मोडल्याशिवाय यांचं चाक फिरत नाही!

गेल्या वर्षीच्या इंजिनानं शर्यतीच्या रेघेवरच आतडी बाहेर टाकली. गाडी ढकलत परत आणली. त्यांच्या सरांना पोरं ‘काटकोन’ म्हणतात, कारण त्या माणसाचा कणा, भांग आणि स्वभाव तिन्ही सरळ. पाय मात्र एक ओढत चालायचे; म्हणे जिन्यावरून पडले. सर म्हणाले, "या वेळी गाडी स्वतःच्या चाकांवर शर्यत पुरी करून आली नाही, तर वर्कशॉपला कुलूप. तिथं मोडकी बाकं ठेवू."

ठिणगी माझ्याकडे आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "आजोबा, चांगलं इंजिन मिळालं नाही तर संपलं सगळं."

"अगं, इथल्या भंगारात माझा शब्द चालतो!"

"शब्द नको, इंजिन चालायला हवं. नीट ऐका. इंजिन, तारांचा जुडगा, काळा डबा आणि किल्ली. सगळं एकाच गाडीचं. डबा म्हणजे इंजिनाचा मेंदू. दुसऱ्याचा मेंदू लावला तर चालत नाही."

"का नाही? तुझ्या बापाचं लग्नापासून दुसऱ्याच्याच मेंदूवर चाललंय!"

भर दुपारी निघालो, पण आभाळ असं दाटलेलं की रस्त्यावरची माणसं सावल्या घरी विसरून आल्यासारखी वाटत होती. भंगाराच्या वाड्यात शिरलो आणि आवाज बंद! मागे रस्त्यावर गाड्या धावत होत्या, दिसत होत्या, पण ऐकू येईनात. दोन्ही बाजूंना मोटरसायकली टांगलेल्या. कुणाचं हँडल वाकडं, कुणाचा दिवा फुटलेला, पण तोंडं सगळ्यांची माझ्याकडे. मी डावीकडे सरकलो. पुन्हा बघतो तर तोंडं माझ्याकडेच!

"कोण हवंय?" मागून आवाज आला. काय हवंय नाही. कोण हवंय!

भंगारवाल्या मावशी. त्या मला एका कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथं चादरीखाली काहीतरी निजलं होतं. मावशींनी चादर हळूच, पाहुण्याला उठवावं तशी बाजूला केली. इंजिन! धुतलेलं, पुसलेलं, ओरखडा नाही. मी हात लावला, आणि तुमची शप्पथ, ते कोमट होतं.

"मावशी, याचा मालक?"

"गेला हो," मावशी म्हणाल्या. "इथंच, तुम्ही उभे आहात तिथं उभा होता. ‘येतो’ म्हणाला, आणि गेला."

मी एक पाऊल मागे सरलो. "आणि याची किल्ली?"

"त्याच्या खिशात. त्याच्याबरोबरच गेली."

आता सांगा, गेलेल्या माणसाच्या खिशात हात कोण घालणार? मी ठिणगीला सांगून टाकलं, "किल्लीचं विचारू नकोस. बटणाची गाडी आहे. शिवाय तुमच्या गाडीला दार कुठाय, किल्ली लावायला?" पोरांनी दोन तारा कापून एकमेकींना जोडल्या आणि किल्लीचं काम भागवलं. निदान त्यांना तसं वाटलं.

इंजिन गाडीत बसलं. ठिणगीनं बटण दाबलं. ढिम्म! पुन्हा दाबलं. डब्यावरचा लाल दिवा तेवढा आमच्याकडे टक लावून बघत राहिला. बॅटरी बदलली, तारा बदलल्या, एका पोरानं शर्टसुद्धा बदलला. काही नाही. इतक्यात काटकोन सर आले. अंगात पांढरा डगला, एक हात खिशात. गाडीभोवती फिरले, नको तिथं बोट लावून धूळ बघितली, सगळ्यांना झापलं आणि दारात वळून म्हणाले, "येतो."

ठिणगीनं वैतागून बटणावर मूठ मारली आणि धडाड्! इंजिन असं डरकाळलं की छपरावरची कबुतरं दुसऱ्या छपरावर राहायला गेली!

सर थबकले. पांढरेफटक पडले. पाय ओढत निघून गेले.

इंजिन बंद करून पुन्हा बटण दाबलं. ढिम्म!

"आजोबा," ठिणगी कुजबुजली, "सर ‘येतो’ म्हणाले आणि सुरू झालं."

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि या वयात तिथं होते तेवढे सगळे राहिले! मावशींचं बोलणं मी तोवर पोटात ठेवलं होतं. आता सांगितलं. "तो ‘येतो’ म्हणून गेला, पोरांनो. हे अजून त्याची वाट बघतंय."

मग काय विचारता! एकेक जण दारात जाऊन इंजिनाला निरोप देऊ लागला. "येतो!" ढिम्म. "येतो हं!" ढिम्म. एक पोरगी म्हणाली, "येते." ठिणगी तिच्यावर खेकसली, "बाई, त्याचा मालक पुरुष होता!" तिनं आवाज जाड करून "येतो" म्हटलं. तरी ढिम्म. मी स्वतः गहिवरून, रुमाल हलवत म्हणालो. इंजिनाला पाझर फुटेना. पण सर आले, करवादले, ‘येतो’ म्हणाले की धडाड्!

"सरांच्या आवाजात काहीतरी आहे," ठिणगी म्हणाली.

"कडू आहे. मेलेल्या माणसाला जिवंत लोकांचा कडूपणाच ओळखीचा वाटतो," मी सांगितलं.

शर्यतीच्या पहाटे मैदानावर धुकं होतं, ताकासारखं. माणूस दहा पावलांवर गेला की विरघळायचा. रेघेवर सर आमच्याजवळ उभे राहिले, हात खिशात. ‘येतो’ म्हणाले, इंजिन पेटलं, ठिणगी सुटली. बाकीच्या गाड्यांचे आवाज धुक्यात लांब जायचे, जवळ यायचे. आमच्या इंजिनाचा आवाज मात्र कुणीतरी कण्हत पळतंय असा. शेवटची फेरी आली. लांबच्या वळणावर, कुंपणालगतच्या उंच गवतापाशी, तो आवाज एकाएकी तुटला.

बंद पडली!

बाहेरच्यानं गाडीला हात लावला की गाडी बाद. पोरं ओठ चावत उभी. मी वळून बघतो तर सर नाहीत! धुक्यानं गिळलेले. पलीकडून ठिणगी बटण दाबत असल्याचा आवाज येत होता. टिक्. टिक्. टिक्. त्या टिकटिकीत वर्कशॉप होतं, त्याचं कुलूप होतं आणि माझ्या नातीचा रडवेला चेहरा होता.

इथं न्हाव्याचा हात थांबला. "मग?"

"मग धुकं जरा फाटलं. आणि मी बघितलं. गवतातून, कुंपणाच्या तारांमधून, एक हात बाहेर आला. पांढरा. नुसता हात! मागे धड नाही, डोकं नाही. तो हात गाडीकडे लांबत गेला..."

"तुम्ही काय केलंत?"

"मी? मी धावलो! कुंपणाशी गेलो आणि तो हात असा घट्ट धरला. बर्फ रे, बर्फ! त्यानं माझी बोटं दाबली. कानाशी आवाज आला, खोल, विहिरीतून यावा तसा, ‘आजोबा... येतो...’ आणि हात माझ्या मुठीतून धुरासारखा निसटला. त्याच क्षणी इंजिन धडाड्! ठिणगी रेघ ओलांडून आली. वर्कशॉप वाचलं. गेलेला मालक शब्दाला जागला, आणि त्याच्याशी शेवटचं हस्तांदोलन केलं ते या हातानं! धुवायचं मन होत नाही अजून."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला.

"त्या हाताला कुणीही हात लावला नाही."

आवाज टॉवेलखालून आला होता. खोल. विहिरीतून यावा तसा!

"तु... तुम्हाला काय ठाऊक?"

खुर्चीतला माणूस उठून बसला. टॉवेल गळून मांडीवर पडला. कणा सरळ, भांग सरळ.

"कारण हात माझा होता," काटकोन सर म्हणाले.

त्यांनी खिशातून काळी, सुपारीएवढी वस्तू काढली आणि आरशापुढे ठेवली. "ही त्या इंजिनाची किल्ली. कुठं लावावी लागत नाही. दोन-चार पावलांवर असली की डबा बटणाचं ऐकतो. कुंपणाबाहेरून हात घालून हीच धरली होती मी. बाही फाटली तारेत. आणि तुम्ही त्या वेळी धावत नव्हता, आजोबा. तुम्ही रचलेल्या टायरांमागे डोळे मिटून बसला होता. तुम्हाला ओलांडून गेलो मी."

"म्हणजे... गेलेला मालक..."

"गेलो म्हणजे घरी गेलो! पाय जिन्यावरून नाही, त्याच गाडीवरून मोडला. बायकोला अजून सांगितलेलं नाही, म्हणून किल्ली द्यायला परत गेलो नाही. पोरांसमोर तरी कोणत्या तोंडानं बोलणार होतो?" मग जरा आवाज खाली आणून, "हे बाहेर बोलू नका."

न्हावी माझ्याकडे बघत होता. छत्रीच्या गोष्टीच्या वेळी बघत होता, अगदी तसाच. "काय आजोबा? आता बोला की!"

अशा वेळी सभ्य माणसानं बोलावं असा मराठीत एकच शब्द आहे. मी छत्री उचलली, दारात वळलो आणि म्हणालो,

"येतो."