दामूकाकांचा करंट

दामूकाका कुणाला ‘बरं आहे ना?’ असं कधी विचारत नसत. ‘कुठं शॉर्ट झालाय?’ असं विचारत. बोईसरच्या कारखान्यात वायरमनची नोकरी झालेली. निवृत्तीनंतर सगळं जगच त्यांना बिघडलेल्या बोर्डासारखं दिसायचं. मी त्यांचा शेजारी, त्यात शाळेत विज्ञान शिकवणारा, म्हणून मला जरा जास्तच ऐकावं लागे.

त्यांच्या बायकोनं, पार्वतीकाकींनी, दातिवऱ्याला निम्मं आयुष्य डोक्यावर मासळीची पाटी वाहिली होती. त्यांची मान आणि डोकं सदा ठणकायचं. पालघरच्या एका डॉक्टरानं एक्सरे पाहून सांगितलं, “काही नाही, मनाचे खेळ आहेत.” काका भर दवाखान्यात कडाडले, “मनाचे? वीस वर्सं पाटी काय मनानं उचलली तिनं?”

इथवर मी काकांच्या बाजूचा. पण मग त्यांनी रेडिओच्या खोक्यात एक यंत्र बनवलं. लाल दिवा, एक बटण, दोन वायरी आणि त्यांच्या टोकांना फडक्यात गुंडाळलेल्या तांब्याच्या चकत्या. रोज संध्याकाळी वीस मिनिटं त्या काकींच्या कानशिलांना लावायच्या. मेंदूला करंट! माझं डोकंच फिरलं. “काका, बाईचा जीव घ्याल!”

“करंट खोटं बोलत नाय, मास्तर.”

आणि काकी खरोखरच शांत झोपू लागल्या. याचा तर मला जास्तच संताप आला.

एकदा दुपारपासून सगळ्या चाळीची लाईट गेलेली. संध्याकाळी शाळेतून येताना मी त्यांच्याकडे डोकावलो, पिशवी आत टेकवली. काकी खुर्चीत, काका मागे उभे, दोन्ही हातांनी चकत्या धरून, डोळे मिटून. लाल दिवा विझलेला.

“कसं वाटतंय?” काकांनी तिला विचारलं.

“उतरलं बगा.”

काकांना दंडाला धरून मी बाहेर ओट्यावर आणलं. “लाईट नाही आणि उतरलं? लाज नाही वाटत फसवायला?”

“हळू बोला.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “वायरी आत जोडल्याच नाय. नुसता दिवा लागतो. जोडायला बसलेलो, पन तिच्या डोक्याला करंट लावायला हात धजंना.” मग एकदम उसळले, “डबा खोटा हाय, पन दुखनं खरं हाय! त्या डाग्तराला येवढं कळलं नाय, तुमाला तरी कळू द्या!”

माझी पिशवी आत राहिली होती. ती घ्यायला गेलो, तर काकी हलकेच म्हणाल्या, “दिवा विझलेला मला दिसत व्हता, मास्तर. मागं दोनदा लाईट नव्हती, तवाबी उतरलं. त्यांना बोलू नका. डबा बंद केला, तर माझं डोकं ते कशाच्या निमित्तानं धरतील?”

काका ओट्यावर वाट पाहत होते. “काय म्हनाली?”

“करंट चांगला लागतो म्हणाल्या,” मी सांगितलं.