डावा गाल मलमाचा, उजवा गोळीचा

मानवी चेहरा ही सार्वजनिक मालमत्ता असून तिच्यावरील प्रत्येक पुळीबाबत मत देण्याचा अधिकार नातेवाइकांना जन्मतःच प्राप्त होतो. (तो बजावण्यासाठी कोणी विचारण्याची गरज नसते.)

या घरातली थोरली चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसे. नवा चष्मा चढवला की गिऱ्हाईक आधी तिच्याकडेच बघे आणि म्हणे, "वा, आता कसं बारीकसारीक सगळं दिसतंय!" मालक ही भिंगांची तारीफ समजत. थोरलीने मात्र मान वर करणं सोडलं. अखेर तिने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आणि घरात दोन पक्ष पडले.

आई मलमाची. "आग गालाला लागलीय, मग बंब पोटात कशाला?"

काका गोळीचे. "वरवर चोपडून काय होतंय वहिनी? शत्रूला आतून गाठायला हवं." (निवृत्तीनंतर काकांना गाठायला शत्रू उरला नव्हता.)

शेवटी जेवणाच्या टेबलावर सर्वानुमते, म्हणजे थोरलीचं मत वगळून, शास्त्रीय तुलनेचा ठराव झाला. डाव्या गालाला प्रतिजैविकाचं मलम, उजव्यासाठी प्रतिजैविकाची गोळी. गोळी भलत्या गालात शिरू नये म्हणून थोरलीने उजव्या कुशीवर झोपावं, ही काकांची उपसूचनाही मंजूर झाली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं.

"गोळीला डावं-उजवं कळत नाही गं. पुरळ थोडं असतं तर मलमावर भागलं असतं. तुझं पाठभर उतरलंय, म्हणून गोळी, तीही ठरल्या मुदतीपुरतीच. सोबत हे मलम. यात प्रतिजैविक नाही, पण जंतू गोळीला सरावू नयेत म्हणून हवंच. दोन्ही गालांना लाव. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच काही सोडायचं नाही."

थोरलीने घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. डाव्या गालाला मलम ती आईसमोर लावी, उजव्याला दार लावून. गोळी काकांच्या देखत.

पुरळ हळूहळू ओसरलं. आईने डाव्या गालाचा मुका घेऊन विजय जाहीर केला. काकांनी उजवा गाल शेजाऱ्यांकडे नेऊन दाखवला. (डावाही सोबत गेला.) थोरली गिऱ्हाइकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलू लागली.

या यशाला गालबोट लागलं ते एकच. काकांना शिंका सुरू झाल्या.

"उरलेल्या गोळ्या दे गं. सर्दीला चालतील."

"उरल्या नाहीत, काका. सगळ्या संपवल्या."

"सगळ्या?" काका मटकन खुर्चीत बसले. आईचाही चेहरा पडला. दिलेलं औषध शेवटपर्यंत घेणारं माणूस त्या घराण्यात आजवर झालं नव्हतं.

वाचकांनी काकांना खुशाल हसावं. फक्त त्याआधी उठून, आपल्या खणातली ती गोळ्यांची अर्धी पट्टी कशाची आहे, तेवढं बघून यावं.

आम्ही थांबतो.